बटाट्यातला श्वास : डॉ. कमला सोहोनी

मंडळी, आमच्या सांता क्लारात कुणी ‘सेल’ म्हटलं, की निम्म्यांना फोन आठवतो आणि उरलेल्यांना थँक्सगिव्हिंगनंतरची खरेदी! मी कॉम्प्युटर इंजिनीअर. जीवशास्त्राशी माझा संबंध कॉलेजातच सुटला होता. पण इथे मुलांना मिडल स्कूलमध्ये पेशी शिकवतात, आणि त्यांचा अभ्यास घेता घेता आपलीही उजळणी होते. तो धडा शिकवताना मुलांना जरूर सांगावी, अशी एका मराठी बाईंची ही गोष्ट.

कमला भागवत यांचा जन्म 1911 सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. लेखिका दुर्गा भागवत ही थोरली बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पास झाल्यावर कमलाबाईंनीही बंगलोरला अर्ज केला. तो नाकारला गेला. कारण एकच, त्या बाई होत्या! आणि नाकारणारे संचालक कोण, तर साक्षात नोबेल विजेते सी. व्ही. रामन.

दुसरं कुणी असतं तर मुकाट्याने घरी परतलं असतं. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचं, आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. त्यांनी अटी पाळल्या, श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांचंही समाधान झालं. पण झालेला अपमान मात्र कमलाबाई उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. आता थोडं विज्ञान. पेशी जिवंत आहे म्हणजे काय? तिला बाहेरून एक आवरण असतं, ती अन्न घेते, त्यातून ऊर्जा काढते, वाढते आणि आपल्यासारखी दुसरी पेशी तयार करते. ऊर्जा काढण्याचं बरंचसं काम तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रियात चालतं. गावात आग लागली की लोक रांग धरून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथे हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचवले जातात. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी, पोटात लोह असलेलं एक छोटं प्रथिन.

प्राण्यांमध्ये ते ठाऊक होतं. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना ते वनस्पतीतही सापडलं, आणि वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत ते असतं हे त्यांनी दाखवलं. म्हणजे आपण आणि आपल्या भाजीतला बटाटा, दोघांची श्वास घेण्याची रीत मुळात एकच! त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता. त्यावर 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. ती मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांपैकी त्या एक.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्ली, कुन्नूर, आणि 1947 मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे गरिबांच्या पोषणासाठी नीरेवर संशोधन केलं, पुढे संस्थेच्या संचालकही झाल्या. 1998 मध्ये त्या गेल्या.

आपल्यात कितीतरी जणी डिग्र्या घेऊन एच-4 व्हिसावर इथे आल्या आणि घरी बसल्या. 2015 पासून त्यांतल्या काहींना कामाची परवानगी मिळू लागली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. दार बंद असलं म्हणजे आतल्या माणसाची लायकी कमी असते असं नाही, हे कमलाबाईंकडे पाहून पटतं. तेव्हा पुढच्या वेळी मुलगी पेशीचं चित्र रंगवायला बसली, की तिला मायटोकॉन्ड्रियाशेजारी कमलाबाईंचं नावही लिहायला सांगा.