स्टिरिओ स्पीकर त्रिकोणातच का ठेवायचे? उत्तर दडलंय ३८व्या वर्षी गेलेल्या या इंजिनिअरच्या डोक्यात!

एक स्पीकर टीव्हीशेजारी, दुसरा कपाटावर. बऱ्याच घरांत स्टिरिओची मांडणी अशीच असते. गाणं वाजतं, आवाजही दणदणीत येतो, पण गायक समोर मधोमध उभा आहे आणि तबला त्याच्या एका बाजूला आहे, असं काही जाणवत नाही. दोष स्पीकरचा नसतो, जागेचा असतो. हे समजून घ्यायचं तर अॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरची गोष्ट माहीत हवी.

सात वर्षांचा ‘इंजिनिअर’

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. सात वर्षांचा असताना त्याने घरची बिघडलेली डोअरबेल दुरुस्त केली आणि वडिलांना चक्क बिल दिलं, असं सांगितलं जातं. त्या बिलावर त्याने स्वतःला इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणवून घेतलं होतं!

पुढे तो खरंच इंजिनिअर झाला. १९२९मध्ये तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत लागला. तेव्हा रेकॉर्ड कापण्याच्या यंत्रणेसाठी एका अमेरिकन कंपनीला रॉयल्टी द्यावी लागायची. त्या पेटंटना वळसा घालणारी नवी यंत्रणा त्याने उभी केली. १९३१मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय स्थापन झाली, आणि ब्लमलाइन तिथला महत्त्वाचा माणूस बनला.

सिनेमा बघताना खटकलेली गोष्ट

१९३१ सालीच तो होणारी पत्नी डोरीनसोबत सिनेमाला गेला होता. बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून यायचा. इतरांनी हे चालवून घेतलं. ब्लमलाइनने आवाजाला माणसामागे चालायला लावायचं ठरवलं.

त्याचा विचार असा होता. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी मिळतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा फरक एक मिलिसेकंदसुद्धा नसतो, पण मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. आता समोर दोन स्पीकर ठेवले, तर प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात. म्हणजे सगळा गोंधळच! पण ब्लमलाइनने हिशोब मांडून दाखवलं की, दोन स्पीकरच्या आवाजाची पातळी योग्य प्रमाणात कमी-जास्त ठेवली, तर खालच्या सुरांसाठी कानांपाशी नेमका तसाच वेळेचा फरक तयार होतो. मग जिथे स्पीकरच नाही, तिथूनही आवाज आल्याचा भास होतो.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात तब्बल ७० दावे होते. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरण्याची कल्पनाही त्यातच होती. जानेवारी १९३४मध्ये त्याने अॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम स्टिरिओत रेकॉर्ड केली. १९३५मध्ये हेझ स्टेशनवरच्या रेल्वेगाड्यांची छोटी फिल्म बनवली. तिच्यात गाडीसोबत आवाजही सरकत होता.

मग स्टिरिओ लगेच घरोघरी का आला नाही?

कंपनीचं लक्ष तेव्हा टेलिव्हिजनकडे वळलं होतं. ब्लमलाइनही तिकडे गेला. १९३६मध्ये बीबीसीने सुरू केलेल्या ४०५ ओळींच्या टीव्ही यंत्रणेत त्याचा मोठा वाटा होता. नंतर युद्ध आलं आणि तो रडारच्या कामात गुंतला.

७ जून १९४२ रोजी विमानातून जमिनीचा नकाशा दाखवणाऱ्या एचटूएस या गुप्त रडारची चाचणी सुरू होती. हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि ते वेल्श बिकनरजवळ कोसळलं. विमानातले सगळे, ११ जण, ठार झाले. त्यात ब्लमलाइनही होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही बातमी दाबून ठेवली गेली. १२८ पेटंट नावावर असलेला माणूस गेला आणि जगाला पत्ताही लागला नाही.

त्याचं रडार मात्र १९४३च्या जानेवारीत बॉम्बर विमानांवर वापरात आलं. स्टिरिओचं पेटंट १९५२मध्ये संपलं. स्टिरिओ एलपी बाजारात रुळल्या त्या १९५८च्या सुमारास. २०१७मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

तुमच्या घरात काय कराल?

दोन्ही स्पीकरचे आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोहोचले, तरच ब्लमलाइनचं गणित जुळतं. एका स्पीकरच्या जवळ बसलात, तर त्याचा आवाज आधी येतो आणि सगळं गाणं त्याच बाजूला ओढलं जातं. म्हणून:

- दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकर २ मीटर अंतरावर असतील, तर तुम्हीही प्रत्येकापासून २ मीटरवर बसा.
- तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा.
- स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याने बास फुगतो.
- दोन्ही स्पीकरचं बाजूच्या भिंतींपासूनचं अंतर शक्यतो सारखं ठेवा.

मग एखादं आवडतं गाणं लावा आणि डोळे मिटा. दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेतून गायकाचा आवाज आला, की समजा मांडणी जमली!