पाचगणीत शिकलेल्या पारशी पोराच्या बँडने ब्रिटनमध्ये बीटल्सलाही मागे टाकलं

ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कुठला? बीटल्सचा? नाही. क्वीन या रॉक बँडचा १९८१ साली आलेला 'ग्रेटेस्ट हिट्स'. विक्री आणि स्ट्रीमिंग धरून २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाखांचा टप्पा गाठला.

आणि त्यात गाणारा गडी आपल्या पाचगणीत शिकलेला.

त्याचं नाव फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मला. वडील इंग्रजांच्या सरकारी कचेरीत कॅशियर. त्यांनी पोराला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये बोर्डिंगला धाडलं. तिथे त्याने मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. 'फ्रेडी' हे नावही तिथलंच.

शिक्षण अर्धवट टाकून तो झांझिबारला परतला. पण १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंड गाठलं. १९७० मध्ये क्वीन उभा राहिला आणि बलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९७५ मध्ये त्याने लिहिलेलं 'बोहेमियन रॅप्सडी' आलं. जवळपास सहा मिनिटांचं हे गाणं रेडिओवर कोण वाजवणार, असं वाटत होतं. ते ९ आठवडे एक नंबरवर राहिलं. 'ग्रेटेस्ट हिट्स' सुरू होतो तो याच गाण्याने.

ऑक्टोबर १९९१ मध्ये अल्बमचा दुसरा भाग आला, तेव्हा फ्रेडीची तब्येत पार ढासळली होती. आपल्याला एड्स झालाय हे त्याने २३ नोव्हेंबरला जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५.

तेव्हा एड्सचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. अशा काळात 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा बाजारात आलं, पुन्हा एक नंबरला गेलं आणि त्याचा पैसा एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाला.