पदवी आणि ओढा

सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून १८८३ सालीं एंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिले आले व पुढील सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. खानदेशांत ओढ्यापलीकडे पाणी नेणारा नळ घालण्याचें काम त्यांजकडे आलें. पुरानें वाळू भरूं लागली, तेव्हां काम लांबणीवर टाकावें असें त्यांनीं कळविलें; उलट वरिष्ठांचा ठपका मात्र आला. मग नेटानें त्यांनीं तें पुरें केलें. हा धडा कोणत्याहि पुस्तकांत नव्हता. तथापि विद्या वायां गेली नाहीं. पाणी ठराविक पातळीस पोंचतांच आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर बसले. तेथें गणित व अनुभव एकत्र आले. १९६२ सालीं ते निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, पदवी ही शिदोरी होय. वाट ज्याची त्यानेंच चालावी.