श्वास हरवतो तेव्हा : धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र

।। श्रीगुरुभ्यो नमः ।।



या वेळची चरित्रकथा जुन्या साधकांसाठी आहे. बरीच वर्षं बैठक करूनही मध्येच अडलेल्यांनी ती सावकाश वाचावी.

आपल्या धारवाड स्टेशनावरून लोंढा, कॅसलरॉक करत वास्कोकडे जाणारा रेल्वेमार्ग गोव्यात साखवाळजवळून जातो. त्या साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी जन्मले. घरची नारळीची बाग होती. शाळा थोडीच झाली, लग्न लहानपणीच झालं. बागेची राखण करता करता मराठी पुस्तकं वाचायची, एवढंच त्यांचं शिक्षण. अशात मुलांच्या एका मासिकात बुद्धाचं छोटंसं चरित्र त्यांच्या हाती आलं आणि ते पार बदलून गेले. या माणसाची शिकवण मुळातून शिकल्याशिवाय आपल्याला चैन पडायची नाही, हे त्यांना कळून चुकलं.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. हे आपण झाकून ठेवायचं नाही. त्यांच्या ज्ञानाची किंमत त्या माउलीनेही मोजली आहे.

पुढे पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास केला. तिथून नेपाळ. बुद्धाच्या देशात बुद्धधर्म सापडेल या आशेने गेले आणि निराश होऊन परतले. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेशात भिक्षूंच्या सहवासात अभ्यास आणि ध्यान दोन्ही चाललं. तिथलं अन्न मानवेना, प्रकृती साथ देईना, तरी त्यांनी हट्ट सोडला नाही.

त्यांच्या आयुष्याला धरून राहिलेला ग्रंथ म्हणजे विसुद्धिमग्ग. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिलोनात रचलेला. त्यात ध्यानाचे चाळीस विषय दिले आहेत, आणि त्यातला एक आनापानस्मृती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव. कोसंबींनी समाधिमार्ग या मराठी पुस्तकात हा सगळा मार्ग सोप्या भाषेत मांडला.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला श्वास मोजायचा, पण पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या वर जायचं नाही. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखं होतं, दहाच्या वर गेलं की श्वास सुटतो आणि आकडाच हाती राहतो. मन ठरलं की मोजणी सोडायची. आपल्यातले पुष्कळजण इथेच चुकतात. वर्षानुवर्षं मोजतच बसतात. मोजणी म्हणजे पोहायला शिकताना कमरेला बांधलेला भोपळा, तो कधीतरी सोडावाच लागतो.

पुढे श्वासाबरोबर राहायचं, पण त्याच्यामागे छातीत, पोटात धावायचं नाही. लाकूड कापणारा करवतीच्या प्रत्येक दात्यामागे नजर फिरवत नाही. दाते लाकडाला लागतात तिथेच त्याचं लक्ष असतं. तसं नाकाच्या टोकाशी किंवा वरच्या ओठापाशी श्वास लागतो तिथे राहायचं.

आणि मग एक दिवस श्वास लागेनासाच होतो. साधक घाबरतो, कोणी उठून जातं, कोणी मुद्दाम जोरात श्वास घेतं. ग्रंथ सांगतो, उठू नका. विचार करा, श्वास कोणाला नसतो? गर्भातल्या बाळाला, पाण्यात बुडालेल्याला, मेलेल्याला, चौथ्या ध्यानात पोचलेल्याला. आपण यातले कोणीच नाही. म्हणजे श्वास आहे, फक्त तो सूक्ष्म झालाय आणि आपलं लक्ष अजून तेवढं बारीक झालेलं नाही. तेव्हा त्याच जागी शांतपणे वाट पाहायची.

वाट पाहणं कोसंबींनी जन्मभर केलं. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात काम करायला आले. १९१० मध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे संपादक म्हणून नाव कोणाचं, यावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये परत आले. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. पुन्हा पुन्हा हार्वर्डला जाऊन तेच काम पुरं केलं. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही भोगला. हार्वर्डची ती प्रत छापून आली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

अखेरीस शरीर आजाराने थकलं, तेव्हा त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. गांधीजींनी त्यांना समजावलं होतं. जून १९४७ च्या सुरुवातीला सेवाग्रामात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अन्नत्यागाचं अनुकरण करायचं नाही. घ्यायची ती त्यांची चिकाटी.

तर या आठवड्यात बैठकीत श्वास हरवला, तर डोळे उघडू नका. पाच मिनिटं त्याच जागी थांबून पाहा. आणि घरात कोणी आपल्यासाठी चहा झाकून ठेवून वाट पाहत असेल, तर उठल्यावर आधी त्यांच्यापाशी जा. बाळाबाईंची आठवण ठेवा.

जय गुरुदेव 🙏