क्लोद मोने : प्रकाशाचा चित्रकार आणि डोळ्यांतले धुके

प्रकाशाचे चित्रकार म्हणून जगभर मान्यता पावलेले क्लोद मोने यांच्या आयुष्याची अखेरची १४ वर्षे मोतीबिंदूशी झुंजण्यात गेली.

१४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या मोने यांचे बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. तेथील सूर्योदयाचे त्यांचे चित्र १८७४ च्या प्रदर्शनात झळकले. त्या चित्राच्या नावावरून थट्टेने दिलेले नावच पुढे दृक्प्रत्ययवाद या पंथाला चिकटले. १८८३ पासून त्यांनी जिव्हर्नी गावी वास्तव्य केले आणि तेथील तळे व कुमुदिनी रंगविण्यात ते रमले.

पत्नी अ‍ॅलिस १९११ मध्ये निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी मोने यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. कडक ऊन आणि धूम्रपान यांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो, हे आज ज्ञात आहे. मोने यांच्या आयुष्यात दोन्ही भरपूर होते. अर्थात सत्तरीत वय हे एकच कारणही पुरेसे असते.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, पण उरलीसुरली दृष्टीही जाईल या भीतीने मोने ती दहा वर्षे टाळत राहिले. भीती अनाठायी नव्हती. त्यांच्या समकालीन चित्रकर्ती मेरी कॅसॅट यांच्यावरील अशा शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या होत्या. इकडे डोळ्यांतील भिंग गढूळ, पिवळट होत गेले. असे भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवते. मोने रंगांच्या नळ्यांवरील नावे वाचून आणि रंगपाटावरील ठराविक क्रम सांभाळून काम करू लागले. या काळातील जपानी पुलाची चित्रे तांबूस-तपकिरी आहेत. काहींना त्यांत नव्या शैलीची चाहूल लागते. परंतु असमाधानाच्या भरात मोने यांनी स्वतःचीच अनेक चित्रे नष्ट केली, हे विसरता येत नाही.

पहिले महायुद्ध संपताच त्यांनी कुमुदिनींची भव्य चित्रे राष्ट्राला देऊ केली होती. १९२२ मध्ये तसा करारही झाला, पण तोवर उजव्या डोळ्याला केवळ उजेड-अंधार कळत होता. माजी पंतप्रधान, स्वतः डॉक्टर आणि जिवलग मित्र असलेल्या जॉर्ज क्लेमांसो यांच्या आग्रहापुढे अखेर ते नमले. जानेवारी १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्यावर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया केली. नंतर अनेक दिवस डोळे बांधून निश्चल पडून राहणे या तापट वृद्धाला असह्य झाले. जुलैत पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागली.

कृत्रिम भिंग डोळ्यात बसविण्याची सुरुवात लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी केली ती १९४९ मध्ये. मोने यांच्या नशिबी जाड चष्माच आला. त्यातून वस्तू वाकड्या दिसत. पिवळ्या भिंगाची गाळणी गेल्याने जग निळे भासू लागले, तर डाव्या डोळ्याला ते अजूनही पिवळेच दिसे. एक डोळा झाकून, रंगीत काचांचे चष्मे बदलत १९२५ मध्ये कुठे त्यांना रंग पुन्हा गवसले आणि अपुरी चित्रे त्यांनी पुन्हा हाती घेतली. डाव्या डोळ्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

५ डिसेंबर १९२६ रोजी जिव्हर्नीत त्यांचे निधन झाले. त्यानंतर मे १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात ही कुमुदिनी-चित्रे रसिकांसाठी खुली झाली.