साताऱ्याच्या वर्गातला भिवा आणि आपल्या शाळेतली मुलं

दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. त्या दिवशीच्या भाषणांत कोलंबिया, लंडन आणि संविधान असतं. छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांमध्ये लहान मुलांसोबत काम करताना आम्हाला मात्र त्या नऊ वर्षांच्या भिवाचा वर्ग जास्त आठवतो.

भिवाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. साताऱ्यात आई भीमाबाई वारल्या आणि आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं. घरात अभ्यासाला मान होता, शिस्त होती. शाळेत मात्र भिवाला इतर मुलांबरोबर बसता येत नसे. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल तर तहानेनंच बसायचं. न्हावी केस कापत नसे, म्हणून ते काम मोठी बहीण करी.

पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. तिथे एकदा गुरुजींनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण ते शिकवायला नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली.

यात मारझोड करणारा कोणी एक दांडगट मुलगा नव्हता. बसण्याची जागा, पाण्याचा नळ, डब्यांची फळी यांतूनच छळ चालत होता, आणि मोठी माणसं तो रीत म्हणून चालवत होती. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास आपल्या आठवणी लिहिल्या. तेव्हा ते बॅरिस्टर होते, मोठमोठ्या पदव्या हाताशी होत्या. तरीही लहानपणचं ते गोणपाट आणि तो नळ त्यांच्या लिखाणात आला. लहानपणी झालेला अपमान मूल विसरतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग भिवा टिकला कसा? वडिलांनी लेकींकडून उसने पैसे आणून पुस्तकं पुरवली. साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी त्याला आपल्या डब्यातलं खायला देत. पेंडसे गुरुजींनी पावसात भिजलेल्या भिवाला आपल्या घरी पाठवून गरम पाणी आणि कोरडे कपडे दिले. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हाती ठेवलं. यांपैकी कोणीही व्यवस्था बदलली नाही, पण या शाळेत आपलं कोणीतरी आहे, एवढं त्या मुलाला कळलं.

व्यवस्था बदलायचं काम बाबासाहेबांनी स्वतः हाती घेतलं. १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह निघालं, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झालं, तेच आजचं मिलिंद. मराठवाड्यातल्या हजारो पोरांना नागसेनवनात शिक्षणाबरोबरच ताठ मानेनं बसायला जागा मिळाली.

आज गोणपाट नाही. पण आडनावावरून चिडवणं, रंगावरून नावं ठेवणं, खेळात न घेणं, झाडू ठरावीक मुलांच्याच हाती देणं, हे आहे. असं मूल तक्रार करत नाही. त्याचं रोज सकाळी पोट दुखतं, दप्तर हरवतं, ते गप्प होतं. आपण त्यालाच रागावतो किंवा भांडायला शिकवतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या किती कार्यकर्त्यांनी या समितीची बैठक पाहिली आहे? जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातो. तसंच वस्तीतल्या शाळेतही जाऊया. मधल्या सुट्टीत कोण कुठे बसतं, पाणी कोण आधी पितं, साफसफाई कोण करतं, हे नुसतं पाहिलं तरी बरंच कळतं. दिसलं ते आधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोलावं, मग समितीत मांडावं. मूल धोक्यात असेल तर १०९८ ही मदतवाहिनी आहे.

येत्या ७ नोव्हेंबरला हार आणि भाषण होईलच. त्याच आठवड्यात प्रत्येक मंडळाने एका प्राथमिक शाळेत दोन तास द्यावेत आणि एकट्या बसलेल्या मुलाशेजारी जाऊन बसावं, एवढं आपण ठरवूया.

जय भीम.