मनगटाचा जादूगार : सुभाष गुप्ते

विद्यार्थी मित्रांनो, सुटीच्या दिवशी खामगाव-मलकापूरकडील कोणतेही मैदान पाहा. बहुतेक मुलांना वेगाने चेंडू टाकायचा असतो. मनगटाने वळवू पाहणारा एखादाच, आणि त्याला दोन चौकार बसले की कप्तान त्याच्या हातून चेंडू काढून घेतो. त्या मुलाला सुभाष गुप्ते यांचे चरित्र अवश्य सांगा.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. लेगस्पिनचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून दूर जातो. तसाच हात फिरवून उलट आत येतो तो गुगली. गुप्त्यांपाशी गुगलीही दोन तऱ्हेची होती. फलंदाज एक ओळखेपर्यंत दुसरी येऊन गेलेली असे! १९५३ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या मातब्बरांसमोर, त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३४.

डिसेंबर १९५८ ची कानपूर कसोटी मात्र डोळ्यांपुढे आणा. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत संपला, त्यात गुप्त्यांचे १०२ धावांत ९ बळी. उरलेल्या एकट्या गिब्जचा त्रिफळा वसंत रांजणे यांनी उडवला. कसोटीच्या एका डावात नऊ बळी त्याआधी कोणाही भारतीयाने घेतले नव्हते. तरी सामना आपण हरलोच. पुढच्या डावात सोबर्सने १९८ धावा कुटल्या. हेच सोबर्स पुढे गुप्त्यांना लेगस्पिनरांत सर्वश्रेष्ठ मानत.

आता पालकहो, पुढचे तुमच्यासाठी. १९६१ मध्ये त्याच कानपूरला गुप्त्यांनी ५ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडवर प्रथमच फॉलोऑन लादला. त्यानंतरच्या दिल्ली कसोटीच्या वेळी, हॉटेलात त्यांच्या खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातील तरुणीला फोन करून पेयपानाचे आमंत्रण दिले. तिने तक्रार केली. फोन गुप्त्यांनी केला नव्हता; पण खोली दोघांची, म्हणून शिक्षाही दोघांना! घरात भांडे एकाने फोडावे आणि रट्टा दोघांना बसावा, तसेच झाले. पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यातूनही त्यांना वगळले गेले. वय अवघे ३२, नावावर ३६ कसोटींत १४९ बळी. दिल्लीची ती कसोटी त्यांची अखेरची ठरली.

पत्नी त्रिनिदादची होती. गुप्ते तिकडेच स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.